'वाय' अक्षराची गाणी : अकारविल्हे यादीतून दिसणारा इतिहास

गाण्यांचा इतिहास सांगायचा म्हटला की आपण कालक्रम धरतो, नाहीतर गायक-संगीतकार धरतो. आज आपण तिसरीच वाट घेऊ. 'वाय' हे एक रोमन अक्षर घेऊ आणि त्या अक्षरानं ज्यांचं शीर्षक सुरू होतं अशी इंग्रजी गाणी काढून बघू. हा भेंड्यांसारखा खेळ वाटेल. पण अकारविल्हे यादीचा एक गुण असा, की ती कोणाचीच भीड ठेवत नाही. सैनिकांचं गाणं, प्रेमाचं गाणं, टवाळीचं गाणं, सगळी ती एका पंगतीत बसवते.

आधी एक फरक लक्षात घेऊ. आपल्याकडे अभंग ओळखतात तो पहिल्या चरणावरून. गाथेची अकारविल्हे सूची असते ती पहिल्या चरणांचीच. इंग्रजी गाण्याला मात्र स्वतंत्र शीर्षक असतं. पुष्कळदा ते ध्रुवपदातून उचललेलं असतं. म्हणजे तिथं शीर्षक हा कोणीतरी घेतलेला निर्णय असतो, आणि निर्णय म्हटला की त्याला इतिहास आलाच.

मग 'वाय'च का? इंग्रजी शब्दकोशात हा विभाग अगदी बारीक, चार-दोन पानांत आटपणारा. गाण्यांच्या यादीत मात्र तो फुगतो. कारण साधं आहे : 'यू' आणि 'युअर', म्हणजे 'तू' आणि 'तुझं'. शब्दकोशात 'तू'ला एक जागा मिळते, गाण्यांत त्याच शब्दानं शेकडो शीर्षकं सुरू होतात. लोकप्रिय गाणं मुळात कोणाला तरी उद्देशून असतं, हे कुठलाही सिद्धांत न मांडता ही यादीच सांगून जाते.

आता जुन्यापासून सुरुवात करू. 'यँकी डूडल' हे अठराव्या शतकातलं. अमेरिकेतल्या वसाहतींतल्या गावंढळ लोकांची टिंगल म्हणून ब्रिटिश सैनिक ते गात. त्यात 'मॅकरोनी' येतं, ते खाण्याचं नव्हे, तर त्या काळच्या लंडनमधल्या नटव्या तरुणांना मिळालेलं नाव. 1775 मध्ये युद्ध पेटलं आणि ज्यांची टिंगल होती त्यांनीच हे गाणं उचललं. शिवी होती, तिचा झेंडा झाला. 1978 मध्ये कनेक्टिकटनं ते आपलं राज्यगीत केलं.

दुसरं, 'द यलो रोझ ऑफ टेक्सस'. यादी करताना सुरुवातीचं 'द' धरत नाहीत, म्हणून हे 'वाय'मध्ये येतं. 1853 च्या सुमारास ते मिन्स्ट्रेल गाण्यांच्या पुस्तकात छापलेलं सापडतं. मिन्स्ट्रेल म्हणजे गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करण्याचे खेळ. 1858 मध्ये न्यूयॉर्कला त्याची स्वरलिपी निघाली, तिच्यावर कर्त्याची फक्त 'जे. के.' ही आद्याक्षरं आहेत. मूळ गाण्यात एक कृष्णवर्णीय पुरुष आपल्या प्रेयसीची आठवण काढतो. 'यलो' हा शब्द तेव्हा मिश्रवंशीय, उजळ वर्णाच्या व्यक्तीसाठी वापरत. पुढे यादवी युद्धात दक्षिणेकडच्या सैनिकांनी तेच गाणं म्हटलं. 1955 मध्ये मिच मिलर यांचं रेकॉर्ड अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, तेव्हा त्यातून तो कृष्णवर्णीय माणूस गळालेला होता. शीर्षक तेच, अक्षर तेच, पण गाणारा 'मी' बदलला. ऐकणाऱ्याला 'पिवळा गुलाब' म्हणजे फक्त फूल वाटायला लागलं.

तिसरं, 'येस! वी हॅव नो बनानाज', 1923 चं. फ्रँक सिल्व्हर आणि अर्विंग कोन यांचं. मोडकंतोडकं इंग्रजी बोलणाऱ्या ग्रीक फळविक्रेत्यावरचं हे विनोदी गाणं. याचं पुढचं आयुष्य बघा. 1932 मध्ये बेलफास्टमध्ये बेकारांनी सरकारी मदतीसाठी आंदोलन केलं. कॅथॉलिक आणि प्रोटेस्टंट एकत्र रस्त्यावर आले. मोर्चा म्हटला की बँड आला. पण बँडनं वाजवायचं काय? तिथं बहुतेक सुरांवर या नाहीतर त्या बाजूचा शिक्का. दोघांनाही चालेल अशी ही केळ्यांची चाल होती, तीच वाजवली गेली. पोटाच्या प्रश्नावर दोन समाज एकत्र आले, तेव्हा त्यांना सामायिक असं एक टवाळ गाणंच सापडलं. याला हसावं की गंभीर व्हावं? आम्हाला वाटतं, दोन्ही.

चौथं, 'यू आर माय सनशाइन'. अंगाईसारखं गोड. 1939 मध्ये त्याची पहिली ध्वनिमुद्रणं झाली. पण हक्क नोंदले गेले जिमी डेव्हिस आणि चार्ल्स मिचेल यांच्या नावावर. ते पॉल राइस यांच्याकडून विकत घेतले होते, असं सांगितलं जातं. हेच गाणं प्रचारात गात डेव्हिस 1944 मध्ये लुइझियानाचे गव्हर्नर झाले. 1960 मध्ये ते पुन्हा निवडून आले, तेव्हा त्यांची भूमिका गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवण्याच्या बाजूची होती. 1977 मध्ये हे गाणं त्या राज्याचं राज्यगीत झालं. 'तू माझं ऊन आहेस' असं म्हणणाऱ्या गाण्यातला 'तू' नक्की कोण, कोण नाही, हा प्रश्न मग टाळता येत नाही.

शेवटचं, 'येस्टरडे', 1965 चं. पॉल मॅकार्टनी यांना आधी चाल सुचली, शब्द नव्हते. तोवर त्यांनी कामचलाऊ नाव ठेवलं होतं 'स्क्रॅम्बल्ड एग्ज', म्हणजे आपली अंडा भुर्जी म्हणा ना. ते नाव टिकलं असतं तर हे गाणं आज 'एस'मध्ये बसलं असतं, आपल्या यादीत आलंच नसतं. शीर्षक म्हणजे निर्णय असं आपण म्हणालो, ते यासाठी.

या पाच गाण्यांत समान काय? एक अक्षर, बस्स. त्यातून एकसंध कथा निघत नाही, आणि ओढूनताणून काढूही नये. पण आवडीच्या गायकाची यादी घेऊन बसलो असतो, तर ही पाच एकत्र भेटली नसती. म्हणून सुचवणं एवढंच : तुम्हीही एक अक्षर घ्या. त्यातलं प्रत्येक गाणं ऐकून झाल्यावर तीन प्रश्न विचारा. हे शीर्षक कोणी दिलं? कर्ता म्हणून नाव कोणाचं लागलं? आणि एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना त्यातला कोणता माणूस गळाला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं रेकॉर्डच्या वेष्टनावर मिळू शकतात. तिसऱ्यासाठी जुन्या छापील प्रती उघडाव्या लागतात.