‘आमच्या नावाने नव्हे’ : करारानंतरच्या हिंसेला उत्तर आयर्लंडने दिलेला प्रतिसाद

आयर्लंडचा इतिहास मराठी वाचकाला अगदीच परका नाही. लोकमान्य टिळकांनी एप्रिल १९१६मध्ये बेळगावात स्थापन केलेल्या होमरूल लीगने आपले नावच आयरिश चळवळीकडून घेतले होते, आणि त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला. येट्सच्या कवितेमुळे तो उठाव आपल्या इंग्रजीच्या वर्गांतही पोचला. परंतु आपल्या मनातला आयर्लंडचा इतिहास बहुधा १९२१च्या फाळणीपाशी थांबतो. त्यानंतर ब्रिटिश अमलाखाली राहिलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये सुमारे तीस वर्षे चाललेला आणि साडेतीन हजारांहून अधिक माणसांचा बळी घेणारा संघर्ष आपण वर्तमानपत्रांतून तुटक तुटक वाचला. १० एप्रिल १९९८ रोजी गुड फ्रायडे करार झाला आणि ती बातमीही आपल्यापुरती संपली.

ती तिथे संपली नव्हती. करार मान्य नसलेल्या लहान लहान सशस्त्र गटांनी पुढची पंचवीस वर्षे अधूनमधून माणसे मारली. या हिंसेची लष्करी बाजू आम्हांला इथे महत्त्वाची वाटत नाही. बंदूक खाली न ठेवणाऱ्यांना सामान्य लोकांनी कोणत्या भाषेत आणि कोणत्या विधीने उत्तर दिले, हा आमचा प्रश्न आहे. साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे पाहावे असे आम्हांला वाटते, कारण हे उत्तर घडले ते मुख्यतः शब्द, मौन आणि अंत्ययात्रा यांच्या साहाय्याने.

प्रथम नावाविषयी. इंग्रजी वृत्तपत्रे या गटांना ‘डिसिडंट रिपब्लिकन’ म्हणतात. ‘डिसिडंट’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सोव्हिएत राजवटीला नकार देणारा लेखक येतो, त्यामुळे मराठीत त्यांना ‘फुटीर’ म्हणणे अधिक सोयीचे. पण या गटांना दोन्ही शब्द मान्य होणार नाहीत. त्यांच्या दृष्टीने फुटले ते दुसरेच. १९१८च्या निवडणुकीत शिन फेन पक्षाने आयर्लंडच्या १०५पैकी ७३ जागा जिंकल्या. तो अखंड आयर्लंडने स्वतंत्र प्रजासत्ताकाला दिलेला कौल, आणि त्यानंतरची प्रत्येक तडजोड म्हणजे त्या कौलाशी द्रोह, अशी ही विचारसरणी आहे. फाळणी न मानणाऱ्या जुन्या प्रतिनिधींपैकी उरलेल्या मूठभरांनी १९३८मध्ये आपला अधिकार आयआरएच्या लष्करी मंडळाकडे विधिवत सोपवला. १९८६मध्ये डब्लिनच्या संसदेत बसण्याच्या प्रश्नावरून फूट पडली तेव्हा ‘कंटिन्यूइटी आयआरए’ने आणि १९९७मध्ये शांतता प्रक्रियेवरून फूट पडली तेव्हा ‘रिअल आयआरए’ने हाच वारसा सांगितला. कंटिन्यूइटी म्हणजे सातत्य, रिअल म्हणजे खरा. ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. २०१२मध्ये काही गट एकत्र येऊन ‘न्यू आयआरए’ झाली.

या युक्तिवादाचा एक परिणाम लक्षात घेतला पाहिजे. ज्यांचा जनादेश मृतांकडून आलेला असतो, त्यांना जिवंत माणसांचा पाठिंबा लागत नाही. २२ मे १९९८ रोजी बेटाच्या दोन्ही भागांत एकाच दिवशी सार्वमत झाले. उत्तरेत ७१ टक्के आणि दक्षिणेत ९४ टक्के मतदारांनी कराराच्या बाजूने कौल दिला. संपूर्ण बेटाने एकाच वेळी मत देण्याचा १९१८नंतरचा हा पहिलाच प्रसंग. म्हणजे जुन्या कौलाला नव्या कौलाने उत्तर मिळाले होते. तरीही तीन महिन्यांच्या आत ओमा घडले.

ओमा हे टायरोन परगण्यातले बाजाराचे गाव. १५ ऑगस्ट १९९८ हा शनिवारचा दिवस होता. बॉम्बची पूर्वसूचना आली ती न्यायालयाच्या इमारतीचा उल्लेख करणारी, आणि पोलिसांनी लोकांना तिथून दूर हलवले ते नेमके बॉम्ब असलेल्या मोटारीच्या दिशेने. तीन वाजून दहा मिनिटांनी स्फोट झाला. २९ माणसे मेली. त्यांतली एक स्त्री जुळ्यांची आई होणार होती. मृतांत कॅथलिक होते, प्रॉटेस्टंट होते, दक्षिणेतून सहलीला आलेली मुले होती, स्पॅनिश पाहुणे होते. संपूर्ण संघर्षात उत्तर आयर्लंडमधल्या एकाच घटनेत इतके बळी कधी गेले नव्हते, आणि हे घडले ते संघर्ष संपल्यावर. शिन फेनच्या नेत्यांनी कोणतीही पळवाट न ठेवता या स्फोटाचा निषेध केला. आयआरएच्या परंपरेतल्या कृत्याविषयी असे शब्द त्यांच्या तोंडून तोवर ऐकू आले नव्हते. आठवड्याने त्याच वेळी हजारो लोक गावात जमले आणि मौन उभे राहिले. रिअल आयआरएला शस्त्रसंधी जाहीर करावी लागली. पॉल डर्कन यांनी ‘ओमा’ या कवितेत मृतांची नावे चर्चमधल्या नामावळीसारखी मांडली. त्या क्षणी कवीलाही बहुधा नावे उच्चारण्यापलीकडे काही करण्यासारखे उरले नव्हते.

या मौनाचे वेगळेपण कळण्यासाठी आयरिश प्रजासत्ताकवादात अंत्ययात्रेला काय स्थान आहे हे पाहावे लागते. १९१५मध्ये डब्लिनच्या ग्लासनेव्हिन दफनभूमीत ओडॉनोव्हन रोसा या जुन्या क्रांतिकारकाच्या थडग्यापाशी पॅट्रिक पिअर्स यांनी केलेले भाषण हा त्या परंपरेचा पायाभूत पाठ मानला जातो. पुढच्याच वर्षी पिअर्स स्वतः उठावात उतरले आणि मारले गेले. १९८१मध्ये उपोषणात मेलेल्या बॉबी सँड्सच्या अंत्ययात्रेला बेलफास्टमध्ये सुमारे एक लाख लोक होते. शवपेटीमागे चालणे म्हणजे मृताचा वारसा स्वीकारणे, असा या विधीचा अर्थ होता. चळवळीचे खरे व्यासपीठ थडग्यापाशी होते, आणि पुढचा हुतात्माही तिथेच घडत असे.

आमच्या मते १९९८नंतर लोकांनी केलेली सर्वांत मोठी गोष्ट ही, की त्यांनी हा विधी हिंसा करणाऱ्यांच्या हातून काढून घेतला. तो हुतात्म्याकडून बळीकडे गेला. हे एका दिवसात झाले नाही.

मार्च २००९मध्ये दोन दिवसांच्या अंतराने दोन हल्ले झाले. अँट्रिमच्या मॅसरीन तळावर, पिझ्झा घ्यायला फाटकाशी आलेल्या सैनिकांवर गोळीबार होऊन दोघे मेले. पिझ्झा आणणारे दोघेही जखमी झाले. मग क्रेगॅव्हनमध्ये एका पोलीस शिपायाला ठार करण्यात आले. एके काळी आयआरएचे सेनानी असलेले आणि तेव्हा उपपहिले मंत्री असलेले मार्टिन मॅकगिनेस हे युनियनवादी पहिले मंत्री आणि पोलीसप्रमुख यांच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनी मारेकऱ्यांना आयर्लंडचे द्रोही म्हटले. प्रजासत्ताकवादी परंपरेने ब्रिटिशांशी तडजोड करणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला शब्द त्यांनी उलट फिरवला होता. दुसऱ्या दिवशी कामगार संघटनांच्या हाकेवरून बेलफास्ट, डेरी, न्यूरी अशा गावांत हजारो लोक मूकपणे जमले. हाक पक्षांनी वा चर्चने दिली असती, तर ती कोणत्या बाजूची हा प्रश्न आला असता. कामगार संघटना ही दोन्ही समाजांचे लोक एकत्र असलेल्या थोड्या जागांपैकी एक होती.

दोन वर्षांनी, २ एप्रिल २०११ रोजी, पुन्हा ओमातच रोनन केर या पंचवीस वर्षांच्या कॅथलिक पोलीस शिपायाचा त्याच्या मोटारीखाली लावलेल्या बॉम्बने बळी घेतला. तो कॅथलिक होता हाच त्याच्या हत्येचा हेतू होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. जुन्या पोलीस दलात कॅथलिकांचे प्रमाण जेमतेम आठ टक्के होते. २००१मध्ये नवे दल उभे राहिले, निम्मी भरती कॅथलिकांतून करण्याचा नियम झाला आणि दहा वर्षांत हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास आले. असा शिपाई जिवंत असणे हेच फुटीरांच्या युक्तिवादाचे खंडन होते. त्याच्या आईने जाहीरपणे सांगितले, की या हत्येमुळे कॅथलिक तरुणांनी पोलिसांत जाणे थांबवू नये. बेराह गावातल्या अंत्ययात्रेत शवपेटी प्रथम गेलिक खेळांच्या स्थानिक क्लबातल्या खेळाडूंनी वाहिली आणि मग पोलिसांच्या खांद्यावर दिली. गेलिक अॅथलेटिक असोसिएशन ही आयरिश राष्ट्रवादाची सांस्कृतिक कणा असलेली संस्था. २००१पर्यंत उत्तरेतल्या पोलिसांना तिचे सदस्यत्वच मिळत नसे. ज्यांनी पोलिसांबरोबर खेळणे नाकारले होते, ते आता पोलिसाला खांदा देत होते. युनियनवादी पहिले मंत्री पीटर रॉबिन्सन कॅथलिक चर्चमधल्या मिस्साला उपस्थित राहिले. त्या अंत्ययात्रेवर कितीही भाषणे झाली असतील, खांद्यावरून खांद्यावर गेलेल्या त्या पेटीइतके स्पष्ट कोणी बोलले नाही.

१८ एप्रिल २०१९च्या रात्री, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री, डेरीच्या क्रेगन वस्तीत दंगल चालू असताना पोलिसांवर झाडलेली गोळी लायरा मकी या २९ वर्षांच्या पत्रकार स्त्रीला लागली. न्यू आयआरएने माफी मागितली, परंतु ती ‘शत्रूच्या दलांशेजारी’ उभी होती हे सांगायला विसरली नाही. ईस्टरच्या सोमवारी तिच्या मैत्रिणींनी हात लाल रंगात बुडवून, त्या गटाच्या विचारांशी जवळीक असलेल्या पक्षाच्या कार्यालयाच्या भिंतीवर तळहातांचे ठसे उमटवले. पक्षाची माणसे दारात उभी राहून पाहत होती. ‘फ्री डेरी’च्या सुप्रसिद्ध भिंतीवर ‘आमच्या नावाने नव्हे’ अशा अर्थाचे शब्द लिहिले गेले. ज्या भिंतीवर प्रतिकाराची घोषणा होती, तिच्यावरच हा नकार लिहिला गेला हे महत्त्वाचे. बेलफास्टच्या सेंट अॅन कॅथीड्रलमधल्या अंत्यविधीत फादर मार्टिन मॅगिल यांनी समोर बसलेल्या सर्व पक्षांच्या नेत्यांना विचारले, की तुम्हांला एकत्र आणायला या मुलीचा मृत्यू का व्हावा लागला? लोक टाळ्या वाजवत उठले, आणि मग नेत्यांनाही उठावे लागले. प्रांताची विधानसभा जानेवारी २०१७पासून बंद होती. बोलणी मे २०१९मध्ये पुन्हा सुरू झाली आणि सभागृह जानेवारी २०२०मध्ये उघडले.

इथपर्यंतची कथा समाधान देणारी आहे. पण तिच्यात दोन अडचणी आहेत, आणि त्या टाळून तिचे कौतुक करणे योग्य होणार नाही.

पहिली अडचण नैतिक आहे. १९८७मध्ये आयआरएने एनिस्किलनमध्ये केलेला स्फोट आणि ओमाचा स्फोट यांत मृताच्या घरच्यांनी काय फरक करावा? फुटीर म्हणतात, आम्ही तेच करतो आहोत जे मॅकगिनेस यांनी केले. आयआरएने ज्यांची माणसे मारली, त्यांतले अनेकही उलट्या बाजूने नेमके हेच म्हणतात. २०२२मध्ये शिन फेनच्या मिशेल ओनील यांनी संघर्षाच्या काळात हिंसेला पर्याय नव्हता असे म्हटले, तेव्हा हे दुःख पुन्हा उफाळून आले. मायकेल लाँगली यांची ‘सीझफायर’ ही कविता १९९४च्या शस्त्रसंधीनंतर काही दिवसांतच ‘आयरिश टाइम्स’मध्ये आली. पुत्राचा वध करणाऱ्या अकिलीसच्या हाताचे चुंबन घेणारा प्रायम तिच्या केंद्रस्थानी आहे. करारानेही सामान्य माणसांकडून प्रायमचीच अपेक्षा केली. दोन वर्षांत कैदी सोडण्यात आले. फरक एवढाच, की प्रायम स्वतः शत्रूच्या तंबूत गेला होता आणि इथे पुष्कळांना सार्वमताने नेले. ‘पूर्वीची हिंसा’ आणि ‘आताची हिंसा’ यांमधली रेषा नैतिक नाही, ती १९९८च्या मतदानाने आखलेली राजकीय रेषा आहे. ती तरीही मानली पाहिजे असे आम्हांला वाटते, कारण तिच्याखेरीज दुसरी रेषा उपलब्ध नाही. पण ती मानणाऱ्याने तिची किंमत कोणी दिली हे विसरू नये.

दुसरी अडचण अशी, की हा प्रतिसाद अंत्ययात्रेपुरताच जागा होतो. ‘निरर्थक’, ‘मूठभरांचे कृत्य’ हे निषेधाचे ठरलेले शब्द ऐकताना वाटते, की ही माणसे कुठून आकाशातून पडली असावीत. २०१०च्या निवडणुकीनंतरच्या लिव्हरपूल विद्यापीठाच्या पाहणीत सुमारे १४ टक्के राष्ट्रवादी मतदारांनी फुटीरांच्या हिंसेला नव्हे, पण त्यांच्या कारणांना काहीशी सहानुभूती दाखवली होती. क्रेगनसारख्या वस्त्यांत किरकोळ गुन्ह्यांसाठी मुलांच्या पायांत गोळ्या घालण्याची ‘शिक्षा’ चालूच राहिली. शिनेड ओशे यांच्या माहितीपटातली डेरीची आई आपल्या मुलाला ठरलेल्या वेळी गोळी घालून घ्यायला स्वतः घेऊन जाते. त्या पायासाठी कोणी मूक सभा भरवली नाही. अॅना बर्न्स यांची ‘मिल्कमन’ ही कादंबरी १९७०च्या दशकातली, पण तिला २०१८चे बुकर पारितोषिक मिळाले तेव्हा अनेकांना ती वर्तमानाची वाटली. तिच्यात कुणालाच नाव नाही आणि सगळी वस्ती गप्प आहे. हे भीतीचे मौन, आणि चौकात उभे राहणारे ते निषेधाचे मौन. एकाच समाजात दोन्ही शेजारी शेजारी राहतात. लायरा मकी स्वतः ‘शस्त्रसंधीची बाळे’ म्हटल्या जाणाऱ्या आपल्या पिढीतल्या आत्महत्यांवर लिहीत होती. शांततेचा वाटा ज्यांच्यापर्यंत पोचलाच नाही, त्यांच्यावर तिचे लक्ष होते.

फेब्रुवारी २०२३मध्ये ओमात तिसऱ्यांदा तेच घडले. मुलांना फुटबॉल शिकवून निघालेल्या एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यावर त्याच्या मुलासमोर गोळ्या झाडल्या गेल्या. तो वाचला. तीन दिवसांनी गावकरी पुन्हा रस्त्यावर जमले. १९९८च्या स्फोटातल्या हत्यांसाठी फौजदारी न्यायालयात आजवर कोणी दोषी ठरलेले नाही. २००९मध्ये नातलगांनी स्वतः लढलेल्या दिवाणी दाव्यात मात्र चार जणांना आणि रिअल आयआरएला जबाबदार धरण्यात आले. सरकारी चौकशी आयोगाची सुनावणी ओमामध्ये जानेवारी २०२५मध्ये सुरू झाली. तिचे पहिले आठवडे पुराव्यांना दिलेले नव्हते. एकेका मृताविषयी त्याच्या घरच्यांनी, तो कोण होता, त्याला काय आवडे, हे सांगायचे होते. मृतांच्या नावाने बोलण्याचा हक्क आपलाच आहे असे मानणाऱ्यांना सत्तावीस वर्षांनी मिळालेले हे उत्तर होते: मृतांच्या वतीने आता त्यांना ओळखणारी माणसे बोलत होती.