वीणा पाटील

वीणा पाटील या पर्यटन व्यवसायातील मराठी उद्योजिका असून मुंबईच्या ‘वीणा वर्ल्ड’ या कंपनीच्या संस्थापक आहेत. वडील केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये सुरू केलेल्या ‘केसरी टूर्स’मध्ये त्या घडल्या. तिथेच त्यांनी फक्त महिलांसाठी ‘माय फेअर लेडी’ ही सहल आणली. नवऱ्याशिवाय परदेशी जायचे, तर सोबत कोण, हा प्रश्न अनेकींच्या घरी आधी निघे. टूर मॅनेजर आणि बायकांचाच ग्रुप असल्याने त्याला उत्तर मिळाले.

२०१३ मध्ये त्या केसरीतून बाहेर पडल्या आणि पती सुधीर, मुलगा नील व सुनीला यांच्यासह नवी कंपनी उभी केली. ग्राहकांच्या ओळखीचे नाव मात्र मागे राहिले. हा धोका लहान नव्हता, कारण ग्रुप टूरसाठी विमानातील जागा आणि हॉटेलच्या खोल्या आधीच धरून ठेवाव्या लागतात. पर्यटक येण्यापूर्वीच पैसा अडकतो. २०२० मध्ये कोरोनामुळे सहली थांबल्या, तेव्हा त्याची झळ साऱ्याच व्यवसायाला बसली. महिलांच्या सहली वीणा वर्ल्डमध्ये ‘वुमन्स स्पेशल’ नावाने चालतात.