रेडिओ स्रोतांची खानेसुमारी

साक्री तालुक्यातल्या कोंडाईबारी घाटातून रात्री खालच्या गावांचे दिवे मोजायला घेतले, तर हिशेब सोपा आहे. सगळे दिवे सारख्याच वॅटचे आणि वस्ती सगळीकडे सारखीच दाट, असे धरू. चौपट मंद दिव्यापर्यंत मोजत गेले की दुप्पट लांबचा मुलूख हिशेबात येतो आणि दिवे चौपट होतात. आकाशाला मात्र खोलीही आहे. तिथे संख्या आठपट व्हायला हवी. आकाश-सर्वेक्षणांच्या संख्याशास्त्रातले एक मोठे भांडण या आठवरूनच पेटले.

1955 मध्ये केंब्रिजला मार्टिन राइल यांच्या गटाने 1936 रेडिओ स्रोतांची यादी काढली. तिच्यात आठपटीच्या जागी जवळजवळ चौसष्टपट भरत होती! म्हणजे दूरवर, आणि दुरून लहरी पोचायला वेळ लागतो म्हणून पर्यायाने भूतकाळात, स्रोतांची गर्दी. विश्व सदासर्वकाळ एकसारखेच असते हा फ्रेड हॉइल प्रभृतींचा सिद्धांत मोडीत निघाला, असे राइल यांचे म्हणणे.

सिडनीत मिल्स आणि स्ली या खगोलशास्त्रज्ञांनी त्याच आकाशाचा काही भाग मोजला. दोन याद्या शेजारी ठेवल्या तर बहुतेक नोंदी जुळेनात. केंब्रिजच्या दुर्बिणीची नजर रुंद होती. शेजारचे चार-दोन मंद स्रोत एकत्र येऊन एक ठळक स्रोत म्हणून नोंदले जात होते.

तोडगा राइल यांच्याच गटात निघाला. पीटर शॉयर यांनी 1957 मध्ये सुटे स्रोत मोजण्याचा नादच सोडला. नोंदपट्टीवरची रेघ किती वेळा किती उसळते ते पाहायचे आणि कोणत्या संख्येतून असे चढउतार येतील ते गणिताने शोधायचे. गर्दीत चेहरे न ओळखता गर्दीचे माप घेण्याची ही युक्ती खरे तर साऱ्या भांडणापेक्षा मोलाची.

1961 च्या फेब्रुवारीत राइल नवी मोजणी घेऊन आले. चौसष्टाचे बारा झाले होते, तरी आठापेक्षा जास्तच. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत हॉइल यांची बाजू मांडायला उभे राहिले ते कोल्हापुरात जन्मलेले 22 वर्षांचे संशोधक विद्यार्थी, जयंत नारळीकर. स्रोत पुंजक्यांनी विखुरलेले असतील आणि आपण विरळ भागात असू, तर जवळचे ठळक स्रोत कमीच दिसणार, हा त्यांचा मुद्दा. लढत चिवट झाली, पण काळाबरोबर स्रोत बदलतात हेच पुढे मान्य झाले.

जुन्नरजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने, म्हणजे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांनी, 150 मेगाहर्ट्झवर केलेल्या सर्वेक्षणाची 2017 मध्ये प्रसिद्ध झालेली यादी सहा लाखांवर स्रोतांची आहे. एवढ्या मोठ्या याद्या संगणकच करतो, म्हणून त्याचीही परीक्षा घेतात: ठाऊक तेजाचे खोटे स्रोत चित्रात पेरायचे आणि किती सापडतात ते पाहायचे. शंभरातले सत्तरच सापडले, तर त्या तेजाची मोजणी त्या प्रमाणात वाढवून धरायची.