बोरू, टाक आणि आपले अक्षर

खालच्या वर्गांत कुणाच्या हातात टाक दिसला की गुरुजी तो काढून घेत आणि बोरू पुढे करीत. आपल्याला तो हट्ट जुनाट वाटे. विलायती निब चकचकीत, शाई भरपूर धरणारी. बोरू म्हणजे ओढ्याकाठचे वाळके बरू. पण त्या हट्टामागे आपल्या जिल्ह्याचा आणि आपल्या लिपीचा इतिहास होता, म्हणून स्मरणिकेसाठी हाच विषय घेतला.

पोलादी निबा आल्या मुख्यतः बर्मिंगहॅमहून. एकोणिसाव्या शतकात जोसेफ गिलॉट, विल्यम मिचेल अशा कारखानदारांनी ते शहर निबांसाठी जगभर प्रसिद्ध केले. टोकदार निब ही इंग्रजी वळणदार अक्षरासाठी घडवलेली. खाली येताना दाब दिला की चीर फाकते आणि रेघ जाड होते. वर जाताना हात हलका केला की बारीक. याच निबेने मराठी लिहून पाहा. काना जाड उमटतो, शिरोरेषा मात्र केसासारखी. ती जाड करायला आडवा दाब द्यावा, तर टोक कागदात रुतते आणि शाई शेजाऱ्याच्या सदऱ्यावर!

बोरूचे टोक रुंद आणि तिरपे. ४५ अंशांच्या आसपास कल साधला की काना आणि शिरोरेषा सारख्याच जाडीच्या येतात, आणि वळणांतला जाड-बारीकपणा दाब न देता आपोआप उतरतो. बालबोध अक्षराचे रूप या कापातूनच आलेले आहे. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समासच लेखनक्रियेला दिला आहे. बोरू कसे निवडावेत हेही त्यात सांगायला ते विसरलेले नाहीत.

आता आपल्या जिल्ह्याचे. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. सरकारी कारभार उर्दूत, वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूत, आणि १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. घरात मराठी, सावकाराच्या वहीत मोडी आणि शाळेत उर्दू असा तीन लिप्यांचा संसार होता. आपल्या ज्येष्ठ गुरुजींपैकी अनेकांनी शाळेत पहिल्यांदा धरली ती उर्दूची कलम. नस्तालीक लिपीत आडवी लपेट जाड आणि उभी रेघ बारीक. अक्षराचे माप नुक्त्याने, म्हणजे त्याच कलमेने काढलेल्या ठिपक्याने मोजायचे. पोलीस ॲक्शननंतर माध्यम बदलले आणि याच माणसांना फळ्यावर मराठी कित्ता घालून द्यावा लागला. ऐन उमेदीत एक वळण सोडून दुसरे हातात बसवणे सोपे गेले नसणार. आपल्या एका गुरुजींच्या चाकूने दोन्ही काप सफाईने निघत. आग्रह केला तर ते उर्दूत आपापले नाव लिहून देत, आणि तेवढा वेळ वर्ग चिडीचूप असे. पाटीवरचे ते नाव पुसायला जीव होत नसे.

टाकाला मान मिळे तो ड्रॉइंगच्या तासाला. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणाऱ्यांना अक्षरलेखन असे, आणि तिथे निब पारखून घ्यावी लागे. सरांची रीत अशी: निब अंगठ्याच्या नखावर हलकेच दाबायची; दोन्ही पाती सारखी उघडली तर ठेवायची, एक पाते वर राहिले तर परत. नव्या निबेवर गंज न चढावा म्हणून तेलाचा किंवा लाखेचा पातळ थर असतो, त्यावर शाई ठरत नाही. आपण निब तोंडात धरून चोखायचो, ती त्यासाठीच. (चव अजून जिभेवर आहे.) बारीक रेघांना कडक, अणकुचीदार निब; मोठ्या अक्षरांना चपट्या टोकाची. ड्रॉइंगची पक्की काळी शाई वाळली की निबेवर खपली धरते, म्हणून शेजारी पाण्याची वाटी आणि चिंधी हवीच. लिहिण्याची शाई स्वस्तातली, पुडी किंवा वडी पाण्यात कालवून केलेली. दांडेकरांच्या कॅम्लिनची सुरुवातही १९३१ साली अशाच घोडा छाप पुड्या-वड्यांनी झाली.

पुढे फाउंटन पेन आले, मग बॉलपेन, आणि बोरूचा चाकू पेन्सिलीला टोक करण्यापुरता उरला. आपल्यातल्या एकाने मात्र काप सोडला नाही. या अंकाच्या मुखपृष्ठावरचे शाळेचे नाव त्याने बोरूने लिहिले आहे. पट्टी घेऊन काना आणि शिरोरेषा मोजून पाहा.