पडद्यावर पाहिलेला पोशाख

1956 च्या डिसेंबरअखेरीस एल्दार रियाझानोव्ह यांचा ‘कार्निव्हल नाइट’ सोव्हिएत चित्रपटगृहांत झळकला आणि 4 कोटी 80 लाखांहून अधिक लोकांनी तो पाहिला. 21 वर्षांच्या ल्युदमिला गुर्चेन्कोचा काळा पोशाख, आवळलेली कंबर, घेरदार स्कर्ट, ही धाटणी मुळात 1947 मधली, पॅरिसच्या ख्रिस्तियन दिओरची! दुकानांत असे काही सहजी मिळत नसे. मग स्त्रियांनी तो पोशाख अंधारात बसून डोळ्यांत साठवला आणि घरच्या शिलाई यंत्रावर उतरवला.

चित्रपट काढणारी मॉसफिल्म संस्था सरकारीच. तरीही 1957 मध्ये ‘कोम्सोमोल्स्काया प्राव्दा’ने कार्यक्रमांतून परस्पर पैसे घेतल्याचा ठपका ठेवत गुर्चेन्कोला झोडपले, आणि पुढे अनेक वर्षे तिला मोजक्याच चांगल्या भूमिका मिळाल्या. अनुकरण मात्र वृत्तपत्राच्या फटकाऱ्याने थांबणारे नव्हते.

पुढे ब्रिजित बार्दोचा ‘बाबेट गोज टू वॉर’ (1959) हा फ्रेंच चित्रपट आला. तिच्यासारखी उंच फुगवलेली केशरचना तिकडे ‘बाबेता’ याच नावाने रूढ झाली. फुगवटा टिकावा म्हणून केसांच्या आत काय भरत? नायलॉनचा जुना पायमोजा.