खारा वारा आणि दुचाकीचा पत्रा

युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशांत रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून हिवाळ्यात मीठ टाकतात आणि तेच मीठ चाकांनी उडून साखळीला, सायलेन्सरला व पत्र्याला लागते. त्यामुळे मोटारसायकलला गंजापासून वाचवण्याचा तिकडचा सारा विचार हिवाळ्याभोवती झाला. मुंबईच्या उपनगरांत रस्त्यावर मीठ कोणी टाकत नाही, परंतु पश्चिमेला वर्सोवा, मढ, मनोरी व गोराईचा किनारा आणि पूर्वेला ठाणे खाडीच्या काठाने कांजूर, भांडुप व मुलुंडची मिठागरे, अशा दोन खाऱ्या पट्ट्यांच्या मधोमध ही वस्ती वाढली. येथील दुचाकीच्या देखभालीचा इतिहास म्हणजे या हवेशी माणसांनी केलेल्या सततच्या झुंजीचा इतिहास आहे, आणि ती झुंज प्रामुख्याने पावसाळ्याविरुद्ध लढली गेली, ही त्यातील ठळक गोष्ट होय.

गंज म्हणजे लोखंड, प्राणवायू आणि पाणी यांच्या संयोगातून होणारी विद्युत-रासायनिक क्रिया. मिठाने पाण्याची विद्युतवाहकता वाढते आणि मिठातील क्लोराइड धातूवरील संरक्षक थर फोडते, म्हणून ही क्रिया वेग घेते. शुद्ध मीठ हवेतील आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर गेली की पाझरू लागते, तर समुद्राच्या मिठात मिसळलेले मॅग्नेशियम क्लोराइड त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओल धरून ठेवते. परिणामी पत्र्यावर बसलेला खारा थर पावसावाचूनही ओला राहू शकतो, आणि मडगार्डच्या आतल्या बाजूसारख्या ज्या जागा पावसाने धुतल्या जात नाहीत, त्या उघड्या जागांपेक्षा आधी सडतात.

या उपनगरांचे दुचाकीशी नाते केवळ वापराचे नव्हते. 1949 मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीच्या भांडुप येथील कारखान्यात इटलीच्या इनोसेंटी कंपनीच्या लॅम्ब्रेटा स्कूटरची जुळणी होत असे, म्हणजे मिठागरांपासून थोड्याच अंतरावर पत्र्याच्या स्कूटरी तयार होत होत्या. लॅम्ब्रेटाचा सांगाडा पोलादी नळीचा असून त्यावर सुटे पत्रे बसवलेले असत. ते काढून आतून घासता, रंगवता किंवा बदलता येत. याउलट बजाजने आकुर्डीत परवान्याखाली बनवलेली व्हेस्पा आणि 1972 पासूनची चेतक यांमध्ये दाबून घडवलेला पत्राच सांगाड्याचे काम करी. तेथे गंज धरला तर तो केवळ वरवरचा डाग राहत नसे. गाडीचा कणाच कमकुवत होई. पाय ठेवण्याच्या जागेवरील पट्ट्यांखाली आणि रबरी चटईखाली साचलेली ओल हे अशा सडण्याचे नेहमीचे मूळ होते. मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961 पासून बनू लागलेल्या मोटारसायकलींची मागची साखळी पूर्ण बंद आवरणात असे. किनाऱ्यावरच्या हवेसाठी ही रचना फार मोलाची होती, तरी टाकी व सायलेन्सरवरील क्रोमियमच्या मुलाम्यातील सूक्ष्म छिद्रांतून गंज डोके वर काढीच.

परवाना-राजच्या काळात उत्पादनावर मर्यादा होती आणि नोंदणी केल्यावर बजाजची स्कूटर हाती येण्यास अनेक वर्षे लागत. त्यामुळे घरातली दुचाकी पंधरा-वीस वर्षे टिकवणे ही मध्यमवर्गीय कुटुंबाची गरज होती, आणि घाटकोपर किंवा अंधेरीच्या गल्लीतील मिस्त्रींचे कसब याच गरजेवर पोसले गेले. पावसाळ्याच्या तोंडावर गाडीच्या पोटाला जुने इंजिन ऑइल फासणे, साखळी रॉकेलने धुऊन तिला ग्रीस लावणे, सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणे आणि त्यावर रेड ऑक्साइडचा हात देऊन रंग मारणे, ही कामे ठरलेली होती. जुन्या तेलाचा उपाय पाणी अडवी, पण त्यावर धूळ चिकटून ओल धरी, रबरी भाग फुगत आणि पहिल्याच पावसात ते तेल गटारात जाई. तेव्हा हा उपाय स्वस्त होता, चांगला मात्र म्हणता येत नाही.

खंडेनवमी आणि दसऱ्याला वाहन धुऊन, पुसून, झेंडूची माळ घालून त्याची पूजा करण्याचा प्रघात या संदर्भात लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. शस्त्रे व अवजारे पूजण्याची ही परंपरा दुचाकीच्या कितीतरी आधीची आहे, परंतु ती पाऊस सरताना येत असल्याने चार महिन्यांचा चिखल नेमक्या योग्य वेळी निघे. त्यानंतर मात्र पुढल्या जूनपर्यंत पाऊस जवळजवळ नसतो, आणि बसलेले मीठ धुऊन नेणारेही काही नसते. खाडीकाठी हिवाळ्यातल्या पहाटे दव पडते, मढ, मनोरी आणि गोराईकडे फेरीबोटीतून दुचाकी नेताना खारे तुषार अंगावर येतात, वाळूवर चाके फिरतात. आणि तरीही कोरडा दिसणारा हा काळ निर्धोक मानला गेला. गोड्या पाण्याने पोट धुऊन गाडी पूर्ण वाळू देणे आणि मगच झाकणे, एवढ्याने यातील बरेचसे नुकसान टळते; ओल्या गाडीवर घट्ट आच्छादन घातले की तीच ओल आत कोंडली जाते.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि उपनगरांतील असंख्य वाहने गढूळ पाण्यात बुडाली. पाणी एंजिनात, ब्रेकच्या ड्रमात आणि विजेच्या जोडण्यांत शिरल्याने बाहेरून तेलाचा हात फिरवण्याचा उपाय किती अपुरा आहे हे स्पष्ट झाले.

दरम्यान संरक्षणाची जबाबदारी हळूहळू मिस्त्रीकडून कारखान्याकडे गेली होती. पत्र्यावर फॉस्फेटचा थर चढवून रंग घट्ट धरवणे, आणि सांगाडा रंगाच्या कुंडात बुडवून विजेच्या प्रवाहाने तो रंग घड्यांच्या आतपर्यंत पोहोचवणे, या पद्धती रूढ झाल्या. आऱ्यांच्या पोलादी चाकांच्या जागी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाके आली आणि अनेक पत्रे प्लास्टिकचे झाले. गाडीचे आयुष्य वाढले, पण सडलेला पत्रा ओळखणारी बोटे कमी झाली, आणि हे नुकसान लहान नाही. बजाजने 2019 मध्ये चेतक हे नाव पुन्हा आणले ते धातूच्या अंगाच्या विजेच्या स्कूटरसाठी. अशा वाहनात पत्र्याइतकीच काळजी तांब्याच्या जोडण्यांची घ्यावी लागते, कारण खाऱ्या ओलीने त्यांवर हिरवट थर चढला की विद्युतरोध वाढतो, जोडणी तापते, आणि बाहेरचा रंग शाबूत असतानाही गाडी बंद पडते.