मोटारीचा मूळ रंग

जुन्या राजेशाही मोटारीचा रंग कारखान्यांतलाच आहे काय, असें वारंवार विचारण्यांत येतें. आम्हांस हा प्रश्नच फसवा वाटतो. १९३० च्या सुमारास रोल्स-रॉइस किंवा ड्यूसेनबर्ग यांसारखे कारखाने बहुधा यंत्र व सांगाडाच पुरवीत. वरचा देह व रंग निराळ्या कारागिराचा. इंदूरच्या यशवंतराव होळकरांच्या ड्यूसेनबर्गचा सांगाडा अमेरिकेंतला, तर देह लंडनच्या गर्नी नटिंगचा. तिच्यावरील नारिंगी रंग काटोलच्या बागाइतदारास घरचाच वाटावा!

तेव्हां साक्ष घ्यावी ती थरांची. पट्टीखालीं, आडोशाच्या जागीं रंग हलकेंच घासला कीं एकेक थर उघडा पडतो. अस्तरावरचा पहिला थर तोच मूळ. सबंध गाडी खरडून चकाकविणारा मालक ही साक्षच पुसून टाकतो. म्हणून रंगविण्यापूर्वीं वाचावें, असें आम्ही म्हणतों.